चावी ऑन केल्यावर फ्यूल पंप चालत नाही, कनेक्टरवर मात्र पूर्ण व्होल्टेज दिसते

प्रश्न : रविवारचा_कारागीर

नमस्कार. माझी पेट्रोलवर चालणारी, मल्टिपॉइंट इंजेक्शनची चौदा वर्षे जुनी गाडी गेले चार दिवस जागेवर उभी आहे. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. पूर्वी चावी ऑन केली की मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज येत असे आणि मग तो थांबत असे. आता तिथे पूर्ण शांतता आहे.

आतापर्यंत मी काय काय तपासले ते क्रमाने सांगतो. टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली आहे. पंपाचा १५ अँपिअरचा फ्यूज काढून मीटरवर तपासला, तो शाबूत आहे. पंपाचा रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) आणि हॉर्नचा रिले एकाच क्रमांकाचे असल्यामुळे त्यांची अदलाबदल करून पाहिली. पंपाच्या रिलेवर हॉर्न व्यवस्थित वाजतो, हॉर्नच्या रिलेवर पंप मात्र चालत नाही. चावी ऑन केल्यावर रिले 'टिक' करतो आणि दोन सेकंदांनी पुन्हा 'टिक' करून सुटतो, म्हणजे ईसीयू (इंजिनचा संगणक) आपले काम करत असावा असे मी धरून चाललो आहे. त्यानंतर मागची सीट उचलली, पंपावरचे झाकण काढले, कनेक्टर सोडवला आणि त्याच्या दोन जाड वायरींच्या टोकांमध्ये मीटर लावून मुलाला चावी फिरवायला सांगितली. मीटरने बरोबर दोन सेकंद १२.१ व्होल्ट दाखवले आणि मग आकडा शून्यावर आला.

करंट पंपापर्यंत पोहोचतो आहे आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंपच गेला, असा निष्कर्ष मी काढला आहे. तरीही टाकी उघडण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले, कारण पंपाच्या कडीला बसवलेली रबरी रिंग एकदा काढली की ती पुन्हा तशीच बसत नाही, असा माझा पूर्वीचा अनुभव आहे.

आणखी दोन गोष्टी नोंदवून ठेवतो. गाडी पूर्ण बंद पडण्याच्या आदल्या दिवशी ती अशीच अडली होती. वैतागून मी मागच्या सीटवर दोन-तीन बुक्के मारले आणि ती सुरू झाली. दुसरे म्हणजे, गेला महिनाभर चावी ऑन केली की डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा क्षणभर खाली झुकतो आणि मग हळूहळू जागेवर येतो. या दुसऱ्या गोष्टीचा पंपाशी काही संबंध नसावा, पण सगळे सांगितलेले बरे.

उत्तर १ : काळेहात

आपला निष्कर्ष बरोबर आहे. पंप बदला.

या पंपाच्या आत साधी डीसी मोटर असते आणि तिच्या कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणाऱ्या कड्यावर) कार्बनचे ब्रश टेकलेले असतात. वर्षानुवर्षे घासून ब्रश आखूड होतात, त्यांच्यामागची स्प्रिंग सैल पडते आणि मग मोटर एखाद्या ठरावीक जागी थांबली की ब्रश कम्युटेटरला टेकतच नाही. अशा वेळी टाकीला खालून रबरी हातोड्याने हलके ठोकले की ब्रश सरकतो आणि पंप चालू होतो. सीटवर बुक्के मारल्यावर आपली गाडी सुरू झाली ती याच कारणाने. एकदा बुक्का लागू पडला की पुढचे काही दिवस तसेच ढकलता येतात, मात्र शेवटी तो भर रस्त्यात दगा देतो. आपल्याकडे तर व्होल्टेज पोहोचत असल्याचा पुरावाही आहे. आणखी वायरिंग तपासत बसण्यात वेळ कशाला घालवायचा?

टाकी नेहमी तळाला जाईपर्यंत गाडी चालवण्याची सवय आहे का? पंप ज्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि जे पेट्रोल त्याच्या पोटातून जाते, त्यानेच तो थंड राहतो. तळाशी सतत हवा-पेट्रोल मिसळून ओढणारे पंप लवकर जातात, असे मी वारंवार पाहिले आहे.

उत्तर २ : वायरवाला

काळेहात यांनी ब्रशबद्दल सांगितले ते सगळे खरे आहे, आणि आपला पंप कदाचित खरोखर गेलेलाही असेल. पण आतापर्यंत आपण घेतलेल्या मापांतून ते सिद्ध होत नाही. १२.१ व्होल्टचा आकडा हा पुरावा नव्हे, कारण तो आकडा कनेक्टर सोडवून, म्हणजे वायरींवर कसलाही लोड नसताना घेतलेला आहे.

डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. तो वायरीतून नावापुरताही करंट ओढत नाही. समजा आपल्या वायरिंगमध्ये कुठेतरी एक गंजलेला सांधा आहे आणि त्याचा रोध ६ ओहम आहे. मीटरच्या एक कोटी ओहमपुढे हे ६ ओहम कुठेच जाणवत नाहीत आणि मीटर निःशंकपणे पूर्ण व्होल्टेज दाखवतो. आता त्याच वायरींना पंप जोडा. थांबलेल्या पंपाच्या वाइंडिंगचा रोध एक-दोन ओहमच्या आसपास असतो. तो २ ओहम धरला तर एकूण रोध ८ ओहम झाला. १२ व्होल्टवर दीड अँपिअर करंट वाहिला. त्यातले ९ व्होल्ट गंजलेल्या सांध्याने खाल्ले आणि पंपाच्या वाट्याला फक्त ३ व्होल्ट आले. तेवढ्यावर पंप हलणारही नाही. शंभर माणसे अडतील एवढा दरवाजा बंद असला तरी फटीतून हाक ऐकू येते, तसला हा प्रकार आहे. मीटर फक्त हाक ऐकतो.

म्हणून अशा ठिकाणी मीटरऐवजी, किंवा मीटरच्या जोडीने, जुन्या पद्धतीचा टेस्ट लॅम्प वापरावा. इंडिकेटरला किंवा ब्रेकलाइटला जो २१ वॅटचा फिलामेंटचा बल्ब असतो, तो होल्डरसकट घ्या आणि त्याला दोन वायरी जोडा. तो पावणेदोन अँपिअर करंट ओढतो. पंपाच्या मानाने हा लोड कमी असला तरी खराब सांधा उघडा पाडायला पुरेसा आहे. एलईडीचा टेस्टर इथे उपयोगाचा नाही, कारण तोसुद्धा मीटरसारखाच अगदी किरकोळ करंटवर उजळतो आणि तितक्याच सफाईने फसवतो.

हा बल्ब कनेक्टरच्या त्याच दोन जाड टोकांमध्ये लावा. जोडणी चावी बंद असतानाच करा आणि मग चावी ऑन करा, म्हणजे टाकीजवळ चिमटा लावताना ठिणगी पडणार नाही. बल्ब दोन सेकंद झगझगीत पेटला तर वायरिंगला बहुतांशी माफ करता येईल आणि काळेहात यांचे म्हणणे मी मान्य करीन. तो मिणमिणता पेटला किंवा पेटलाच नाही, तर पंपाला हात लावू नका. मग बल्बचे एक टोक कनेक्टरच्या पॉझिटिव्ह टोकाला तसेच ठेवा आणि दुसरे टोक लांब वायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापर्यंत न्या. आता तो झगझगीत पेटला तर पॉझिटिव्ह बाजू चांगली आणि अर्थिंग (करंटची बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट) खराब. तरीही मिणमिणता राहिला तर दोष फ्यूज, रिले किंवा पुढे येणाऱ्या वायरीच्या बाजूला आहे.

दोन सेकंदांत माप घेणे अवघड वाटले तर रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या ३० आणि ८७ या दोन जागा १५ अँपिअरचा फ्यूज मध्ये असलेल्या वायरीच्या तुकड्याने जोडता येतात. मग बल्ब सतत पेटता राहील आणि सावकाश मापे घेता येतील. हे आकडे रिलेच्या पोटावर किंवा बुडाशी छापलेले असतात: ३० म्हणजे बॅटरीकडून येणारा पॉझिटिव्ह, ८७ म्हणजे पंपाकडे जाणारी वायर, आणि ८५ व ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके. जर्मन मानक डीआयएन ७२५५२ मधले हे क्रमांक आहेत. काही रिलेंवर मात्र नुसते १, २, ३, ५ असे आकडे असतात. तिथे रिलेवरची आकृती पाहिल्याशिवाय काहीही जोडू नका.

ज्या गोष्टीचा संबंध नसावा असे आपण म्हटले आहे, तीच मला सगळ्यात बोलकी वाटते. चावी ऑन केल्यावर पेट्रोलचा काटा क्षणभर झुकतो आणि मग सावरतो. हा क्षण नेमका किती वेळाचा आहे? तो दोन सेकंदांचा असेल, तर ते पंपाला करंट मिळण्याचेच दोन सेकंद आहेत. काही गाड्यांमध्ये पंप आणि टाकीतला फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग) यांची अर्थिंगची वायर एकच असते. ती वायर जमिनीला, म्हणजे बॉडीला, नीट टेकलेली नसेल तर पंप करंट ओढू लागताच त्या वायरीचे व्होल्टेज वर चढते आणि काट्याचे माप बिघडते. पंप सुटला की काटा परत येतो. सीटवरच्या बुक्क्यांबद्दलही तेच म्हणता येईल. सीटखाली पंप आहे, तशीच सीटखाली वायरिंगही आहे. बुक्का कुणाला लागला हे बुक्क्याला माहीत नसते.

झाकण उघडे असताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी तो कुठून येतो ते शोधा आणि तोपर्यंत बल्बही लावू नका.

उत्तर ३ : चौकटीतला_रिले

वरच्या दोन्ही उत्तरांत कनेक्टरपर्यंत करंट येतो असे गृहीत आहे. हाच त्रास असलेला, पण कनेक्टरवर काहीच न मिळणारा एखादा वाचक पुढे इथे येईल, म्हणून त्याच्यासाठी थोडे लिहितो.

पहिल्यांदा चावी ऑन करून डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लागतो का ते पाहावे. तो लागतच नसेल तर ईसीयूलाच करंट मिळत नाही, आणि मग पंपाचा रिले तपासण्यात अर्थ नाही. मेन रिले आणि त्याचा फ्यूज पाहावा. इमोबिलायझरचा (चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा चावी ऑन असताना लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. काही गाड्या अशा वेळी पंप बंद ठेवतात, काही पंप चालू देऊन फक्त इंजेक्टर किंवा स्पार्क तोडतात, त्यामुळे नुसत्या पंपाच्या आवाजावरून याचा निवाडा होत नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये इनर्शिया स्विचही असतो. धक्का बसला की तो पंपाचा करंट तोडतो आणि त्याच्या डोक्यावरचे बटण दाबेपर्यंत तसाच राहतो. तो पायांजवळच्या पॅनेलमागे किंवा डिकीच्या कडेला लपलेला असतो, आणि गाडी जोरात खड्ड्यात आदळल्यावर तो उडालेला असणे अगदी शक्य आहे. एका मित्राची गाडी मी दोन तास तपासली होती आणि शेवटी हे बटण दाबल्यावर ती सुरू झाली; तेव्हापासून मी बटणापासूनच सुरुवात करतो.

पंप सुरुवातीला दोन सेकंद चालतो, पण सेल्फ मारताना चालत नाही, असे असेल तर क्रँकशाफ्ट सेन्सरकडे वळावे. इंजिन फिरते आहे असा संकेत मिळाल्याशिवाय ईसीयू पंप पुढे चालू ठेवत नाही. अपघातात पाइप तुटला तर पेट्रोल ओतत राहू नये, यासाठी ही सोय आहे. याउलट काही गाड्यांमध्ये दरवाजा उघडताच पंप चालतो आणि चावी फिरवेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. तिथे चावीबरोबर आवाज न येणे हा दोषच नव्हे.

वायरवाला यांच्या बल्बबद्दल एक गंभीर सूचना जोडतो. तो २१ वॅटचा बल्ब रिलेच्या ८५ आणि ८६ या कॉइलच्या टोकांवर कधीही वापरू नये. कॉइलचा रोध साधारण ७० ते ८० ओहम असतो आणि ती पाव अँपिअरपेक्षाही कमी करंट घेते. ईसीयूच्या आतला ट्रान्झिस्टर तेवढ्यासाठीच बसवलेला असतो. त्याच्यावर पावणेदोन अँपिअरचा बल्ब लादला तर पंपाचा शोध बाजूला राहून ईसीयू शोधायची वेळ येईल. कॉइलच्या बाजूला मीटरच वापरावा.

तसेच, ज्या गाड्यांत पंपासाठी वेगळे कंट्रोल मॉड्यूल असते आणि ते पंपाचा वेग कमी-जास्त करते, किंवा ज्यांचा पंप तीन वायरींचा ब्रशलेस असतो, तिथे ३० आणि ८७ जोडण्याची युक्ती लागू पडत नाही. तिथे त्या गाडीची वायरिंगची आकृतीच हवी.

रविवारचा_कारागीर (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी इंडिकेटरचा जुना होल्डर काढून बल्ब तयार केला. माझ्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असेच आकडे छापलेले आहेत आणि वेगळे मॉड्यूल नाही, याची आकृतीवरून खात्री करून घेतली आणि मग फ्यूज लावलेल्या वायरीने ३० व ८७ जोडले.

कनेक्टरच्या दोन जाड टोकांमध्ये बल्ब लावला, तर त्याची तार फक्त लालसर झाली. हाताने आडोसा केल्याशिवाय तो पेटला आहे हे कळतही नव्हते. त्याच टोकांवर परवा मीटरने १२.१ व्होल्ट दाखवले होते, त्यामुळे मी काही वेळ बल्बच खराब आहे असे समजून तो बॅटरीवर लावून पाहिला. बॅटरीवर तो लख्ख पेटला. मग पुन्हा कनेक्टरवर लावून बल्बच्या दोन्ही टोकांमध्ये मीटर धरला, तेव्हा तिथे ३.२ व्होल्ट होते.

त्यानंतर बल्बचे निगेटिव्ह टोक लांब वायरीने इंजिनजवळ नेऊन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावले. बल्ब पूर्ण पेटला. बॅटरीवर १२.१ आणि बल्बवर १२.० व्होल्ट मिळाले, म्हणजे पॉझिटिव्ह बाजूला फक्त ०.१ व्होल्ट कमी होत आहे. शेवटी बल्ब पुन्हा कनेक्टरमध्येच जोडून, कनेक्टरचे अर्थिंगचे टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये मीटर लावला. तिथे ८.८ व्होल्ट दिसले.

काटा झुकण्याचा वेळही मोजला. कनेक्टर परत जोडून, रिले जागेवर लावून, मुलाने चावी ऑन केली आणि मी रिलेवर बोट ठेवून बसलो. रिले लागताच काटा खाली झुकतो आणि रिले सुटताच परत वर येऊ लागतो, असे तो काचेतून ओरडून सांगत होता. पाच वेळा केले, पाचही वेळा तसेच झाले. महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर हे घडत होते आणि मी पेट्रोलचा काटा जुना झाला असे म्हणत होतो.

आता ही अर्थिंगची वायर कुठे जाते ते शोधायचे आहे. ती गालिच्याखाली शिरते एवढेच दिसते. नवी वायर टाकून जवळच्याच एखाद्या बोल्टला जोडून टाकली तर चालेल का?

उत्तर ४ : वायरवाला

आकडे स्वच्छ आले आहेत. एकूण १२ व्होल्टपैकी पावणेनऊच्या आसपास अर्थिंगमध्येच अडकत असतील आणि पॉझिटिव्ह बाजू दशांश एकवर असेल, तर शंकेला जागाच नाही. मिणमिणत्या अवस्थेत तो बल्ब एक अँपिअरच्याही आत करंट घेत असणार, म्हणजे अर्थिंगच्या वाटेत दहा ओहमच्या आसपास रोध आहे. जिथे शंभरांश ओहम अपेक्षित आहे तिथे हा रोध हजारपट झाला.

नवी वायर लगेच टाकू नका. तात्पुरती चाचणी म्हणून जाड वायरीने अर्थिंगचे टोक थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडून पंप चालतो का ते अवश्य पाहा, पण तो कायमचा उपाय करू नका. कारण त्याच बोल्टवर आणखी कोणाच्या वायरी आहेत हे आपल्याला अजून माहीत नाही. फ्लोट तर तिथे आहेच. मागचे दिवे किंवा एबीएसची एखादी वायरही असू शकेल. त्या बोल्टला बगल देऊन पंपासाठी वेगळी वाट काढली तर पंप चालेल आणि सडका बोल्ट बाकीच्यांसाठी तसाच राहील. शिवाय सीटखालचा दिसेल तो बोल्ट रंगाच्या थरावर बसलेला असतो, आणि रंगातून करंट जात नाही.

अर्थिंगचा बोल्ट बहुधा मागच्या सीटच्या बैठकीच्या कडेला, दरवाजाच्या उंबऱ्यापाशी गालिच्याखाली, किंवा डिकीत दिव्यांमागे सापडतो. वायरीचा रंग धरून तिच्यामागे जा. तो भाग ओला आहे का ते हाताने चाचपून पाहा. बोल्ट सापडला की सोडवण्याआधी बल्ब लावलेल्या अवस्थेतच तीन ठिकाणी मापे घ्या: वायरीच्या रिंगवर, बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम कोसळेल, दोष त्यांच्यामध्येच आहे. रिंगवरच आकडा जवळजवळ शून्य मिळाला तर बोल्ट चांगला आहे आणि वायर मध्येच कुठेतरी सडली आहे.

उत्तर ५ : काळेहात

मी घाईने बोललो, हे मान्य करतो. बुक्क्याने चालणारा पंप म्हणजे ब्रश गेलेला पंप, हे समीकरण इतक्या वेळा बरोबर ठरले आहे की मीटरचा आकडा कुठे आणि कसा घेतला हे मी विचारलेच नाही.

तरी पंपाची बाजू एकदा तपासून घ्या, कारण जास्त करंट ओढणारा पंपही सांधे तापवून जाळतो, आणि मग आपण सांधा दुरुस्त करतो व तो पुन्हा जळतो. अर्थिंग ठीक झाल्यावर ३० आणि ८७ च्या मध्ये वायरीऐवजी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून पंप चालवा. अशा इंजेक्शनच्या पंपाला साधारण ४ ते ७ अँपिअर लागतात. आकडा त्याहून बराच वर असेल किंवा हेलकावत असेल तर पंपाचे दिवस भरत आले आहेत असे समजा. मीटरची वायर १० अँपिअरच्या खाचेत असताना चुकूनही व्होल्टेज मोजायला जाऊ नका. मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त मीटरमध्ये कधीकधी फ्यूजच नसतो. आणि पंपाच्या कनेक्टरमधल्या पितळी टोकांचा रंगही पाहा. ती तपकिरी झाली असतील तर तिथे उष्णता साठलेली आहे.

रविवारचा_कारागीर (मूळ प्रश्नकर्ता)

बोल्ट सापडला. डाव्या मागच्या दरवाजाचा उंबरा काढून गालिचा उचलला तेव्हा त्याखालचा जाड नमदा पिळून पाणी काढता येईल एवढा ओला होता. दरवाजाच्या रबराचा खालचा कोपरा फाटला आहे आणि पाणी तिथून आत येते. एकाच बोल्टवर तीन रिंग एकावर एक बसवलेल्या होत्या. पंपाची रिंग सगळ्यात खाली, पत्र्याला चिकटून.

सांगितल्याप्रमाणे सोडवण्याआधी मापे घेतली. खालच्या रिंगवर ८.१ व्होल्ट होते, शेजारी खरवडलेल्या पत्र्यावर शून्य. म्हणजे बहुतेक सगळा रोध रिंग आणि पत्रा यांच्यामध्येच होता. उरलेले पाऊण व्होल्ट कुठे जातात ते मात्र लगेच समजले नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि मग बोल्ट सोडवला. अर्ध्या फेऱ्यातच तो हाताने फिरू लागला. खालच्या रिंगच्या तळाशी पांढरट-हिरवी भुकटी होती आणि पत्र्यावर रिंगच्या आकाराचे गंजाचे कडे उमटले होते. रिंगच्या मानेजवळचे वायरीचे आवरण चिरले, तेव्हा आतल्या तांब्याच्या तारा बोटभर अंतरापर्यंत काळ्या-हिरव्या पडलेल्या दिसल्या आणि त्यांतल्या काही तर चिमटीत धरताच तुटल्या. उरलेले पाऊण व्होल्ट तिथे जात होते. तारा स्वच्छ तांबूस दिसेपर्यंत वायर मागे कापली, त्याच जाडीचा एक तुकडा जोडून सांधा झाळला, त्यावर आवरण चढवले आणि नवी रिंग दाबून बसवली. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला. तिन्ही रिंग घासून पुन्हा बसवल्या, बोल्ट घट्ट आवळला आणि सगळ्यावरून व्हॅसलिनचा थर दिला.

चावी ऑन केली आणि आवाज आला. पूर्वीइतका मोठा वाटला नाही, पण इतक्या दिवसांच्या शांततेनंतर कानांना तेवढा पुरे होता. इंजिन दुसऱ्या सेल्फला पकडले.

आता चालू पंपावरची मापे देतो. अर्थिंगचे टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह खांब यांच्यामध्ये ०.०६ व्होल्ट. पंपाच्या दोन टोकांमध्ये, कनेक्टरच्या मागून बारीक टाचण्या घालून, ११.७ व्होल्ट. करंट ५.२ अँपिअर, स्थिर. कनेक्टरची टोके पिवळीच आहेत, त्यामुळे टाकी उघडलेली नाही. पेट्रोलचा काटा चावी ऑन करताच सरळ वर जातो आणि पूर्वीपेक्षा एका रेघेने वर थांबतो.

दरवाजाचे रबर उद्या बदलतो आहे. गालिचा तोपर्यंत दोरीवर वाळत घातला आहे.